आडनावाचं गाव

त्याचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच नाव लिहिणार नाही. इंग्रजी आडनाव होतं, शेवटी ‘टन’ येणारं, आणि तसली आडनावं त्यांच्यात चिकार आहेत म्हणे. माझ्या धाकट्या बहिणीनं मात्र त्या एकाच आडनावावर आपला जन्म टाकला, आणि ती टाकत होती तेव्हा आमच्या जमातीचे सगळे शहाणे बाजूला बसून माना डोलवत होते. त्यांत माझा नवराही होता. तो आता नाही, म्हणून फार बोलत नाही.

आम्ही कोकणातले मुसलमान, रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठच्या गावचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन बोटीनं दुबईला आले. आता लोक दुबई म्हटलं की माना वर करून बोलतात. मी आले तेव्हा मान वर करून बघण्यासारखं काही नव्हतं. मधे खाडी, दोन्ही काठांना वस्ती, आणि वस्ती संपली की वाळू. आमचं घर एका काठाला, देरा म्हणतात त्या वस्तीत, झावळ्यांच्या भिंतींचं. गोडं पाणी गाढवावरून यायचं आणि गाढववाला उशिरा आला की मी त्याला मराठीत शिव्या घालायचे. तो हसून ‘यल्ला, यल्ला’ म्हणायचा, म्हणजे चला, चला. माझा नवरा खाडीवरच्या वर्कशॉपमध्ये लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. अंगाला कायम डिझेलचा वास.

आईबाप दोघंही पाठोपाठ गेले तेव्हा चुलत्यानं बहिणीला माझ्याकडे पाठवून दिलं. वीस-एकवीसची असेल. कमी बोलायची, पण एकदा बोलली की त्या शब्दावरून हलायची नाही. आई म्हणायची, ही पोर हट्टी नाही, हट्टी पोरं रडतात तरी. तांदळाची भाकरी अशी करायची की बघत राहावं. आमच्या घरात तिच्यामुळे चैतन्य आलं, हे मी तेव्हा तिला कधी बोलले नाही. बहिणी असं बोलत नाहीत.

तो ‘टन’वाला इंग्रज साहेब अबुधाबीच्या समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या लाँचवर इंजिनियर होता. लाँच बिघडली की दुबईला यायची आणि मग आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस खाडीत पडून राहायची. माझ्या नवऱ्याला माणसं जेवायला घरी आणायची खोड. एक दिवस ह्याला घेऊन आला. मी म्हटलं, आता ह्याला बसायला खुर्ची कुठून आणू? तर तो आधीच चटईवर मांडी ठोकून बसला होता. बांगड्याचं कालवण खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवून उठला तेव्हा स्वतःचं ताट उचलून मोरीकडे घेऊन गेला. माझी बहीण दाराआड उभी राहून हे बघत होती. आमच्या घरच्या पुरुषांनी ताट उचललेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पुढे इंजिन बिघडलेलं नसलं तरी तो यायला लागला. मला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण एक दिवस त्यानं माझ्या नवऱ्याला सरळ सांगितलं की तो कलमा पढायला तयार आहे आणि बहिणीशी निकाह लावायचा आहे, तेव्हा मात्र मी साफ नाही म्हटलं. रात्रभर नवऱ्याशी भांडले. नवरा म्हणाला, जमातीच्या मोठ्यांना विचारू, ते ठरवतील.

आता इथे आमची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात सोयरीक जमवताना मुलाचं तोंड मागाहून बघतात, आधी आडनाव विचारतात. आडनाव म्हणजे गाव. गावाच्या नावाला ‘कर’ लावलं की झालं आडनाव. गाव कळलं की दोन जाणती माणसं तिकडे जाऊन येतात, मशिदीच्या ओट्यावर बसतात, चहा पितात, आणि त्या घराची तीन पिढ्यांची कुलंगडी घेऊन परततात. सगळं ठीक निघालं तर मग गाव त्या मुलाला जामीन. मुलगा उद्या वेडावाकडा वागला, बायकोला टाकून मुंबईला पळाला, तर मुलीचे लोक गावाच्या जमातीपुढे जाऊन उभे राहतात आणि गाव त्याला कान धरून परत आणतं. माझ्या आत्याच्या बाबतीत आणलं होतं. म्हणून आमच्यात मुलगी देताना मुलाकडे बघत नाहीत, त्याच्यामागे गाव आहे का ते बघतात.

तर आमच्या घरी बैठक बसली. देऱ्यातले आमच्या बाजूचे चार म्हातारे, काझीसाहेब, आणि मधे हा, गुडघे जवळ घेऊन, घामानं निथळत. सगळ्यांत वयस्कर होते ते म्हणाले, ‘साहेबांना विचारा, गाव कुठलं?’

माझ्या नवऱ्यानं आपल्या वर्कशॉपच्या इंग्रजीत विचारलं. तो हसला. म्हणाला, माझं आडनाव हेच गावाचं नाव आहे. उत्तरेकडे ह्या नावाचं एक लहानसं गाव आहे.

हे ऐकून म्हाताऱ्यांची तोंडं काय उजळली. एकजण म्हणाले, ‘म्हणजे ह्यांच्यातही आपल्यासारखंच की. हा तिथला ‘कर’ झाला.’ दुसरे म्हणाले, ‘माणूस गाववाला आहे. मागे गाव आहे. मग भ्यायचं काय?’ पुढे कुणी एक शब्द विचारला नाही. बाप आहे का, घर आहे का, तू तिथे शेवटचा कधी गेला होतास, काही नाही. दोन माणसं पाठवायला विलायत फार लांब, म्हणून तेवढी चौकशी राहिली. गावाहून चुलत्यानंही त्याच एका गोष्टीवर होकार कळवला. खलास. साहेबानं काही लपवलं नाही, हेही खरं. विचारलं तेवढ्याचं त्यानं उत्तर दिलं.

मी बहिणीला एकटी गाठून विचारलं, ‘तुला खरंच हवाय हा?’ ती म्हणाली, ‘आपा, मी पाण्याची कळशी उचलली की हे उठून उभे राहतात. मला तेवढं पुरे.’

काझीसाहेबांनी त्याला एक चांगलंसं नाव दिलं, पण ते निकाहापुरतंच राहिलं. वर्कशॉपमध्ये, लाँचवर, बाजारात सगळे त्याला आडनावानंच हाक मारायचे. त्यांच्यात तशीच पद्धत, दोन इंग्रज भेटले तरी एकमेकांना आडनावानंच बोलावतात, नाव आत कुठेतरी ठेवलेलं असतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पण माझी बहीण त्याचं आडनाव खुशाल घ्यायची. मी टोकलं तर म्हणायची, ‘ते काय नाव थोडंच आहे? गाव आहे.’ आणि लाजायची. ते आडनाव तिच्या तोंडी इतकं गोड यायचं की मला राग यायचा.

आमच्या शेजारचीच खोली त्यांनी घेतली. तो लाँचवरून आला की दोघं खाडीच्या काठानं चालत जायची, ती बुरख्यात दोन पावलं मागे, आणि तो सारखा थांबून तिला बरोबरीला घ्यायचा. वर्षभर हे असं चाललं. वाईट बोलायचं तर मला खोटं बोलावं लागेल. वर्षभर माझी बहीण सुखात होती.

मग त्याची लीव्ह आली. म्हणाला, थोडी कामं आहेत, उन्हाळा संपायच्या आत येतो. जाताना तिला म्हणाला की पुढच्या खेपेला तुला आमच्या बाजूचा पाऊस दाखवीन. तो गेला आणि पुढच्याच महिन्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो. त्याचं एक पत्र लंडनहून आलं, पोचलो म्हणून. तिनं उलट टपाली ही बातमी कळवली. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं, आणि काही महिन्यांनी तिची तिन्ही पत्रं न उघडता एकदमच परत आली. माझा नवरा अबुधाबीला कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला. तिथला क्लार्क आपलाच होता, केरळचा, त्यानं कळवळून सांगितलं, ‘भाई, त्याचा करार संपला, त्यानं नवीन केला नाही. आमच्याकडे जो पत्ता आहे तो लंडनमधल्या भाड्याच्या खोलीचा.’ म्हणजे पत्रं जिथून परत आली तोच.

उन्हाळा संपला. तो आला नाही. बाळ मात्र वेळेआधी आलं.

इस्पितळात एक इंग्रज नर्स होती, पन्नाशीची, अंगानं सणसणीत. आधी बरीच वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायची, मोडकी पण बिनधास्त. तिनं मुलाच्या मनगटाला बांधायच्या पट्टीवर लिहायला बापाचं नाव विचारलं. बहिणीनं आडनाव सांगितलं. नर्सनं मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता लिहून टाकलं. मुलगा होता. नाक, कपाळ, सगळं त्याच्यावर गेलेलं. केस तर असे पिवळे की मी म्हटलं, अल्ला, हे आमच्या घरात कुणीकडून आलं. थोडेच दिवस जगला. छातीत दम नव्हता. माझ्या नवऱ्यानं त्याला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून हातांवर कबरस्तानात नेलं. बहीण बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. नर्स तिच्याजवळ बसून राहिली, दुसऱ्या रोग्यांच्या हाका येत होत्या तरी उठली नाही. त्या बाईचे हे उपकार मी विसरणार नाही.

एक वर्ष गेलं. दुसरं निम्मं गेलं. बहीण काम करायची, जेवायची, नमाज पढायची, आणि खाडीत कुठल्याही लाँचचा भोंगा झाला की तिचा हात आपोआप थांबायचा. मला ते बघवत नव्हतं. अशात देऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला राजापूरकडचा एक विधुर होता, त्यानं माझ्या नवऱ्यामार्फत विचारलं. भला माणूस. आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. त्याला सगळी हकिगत ठाऊक होती. काझीसाहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, नवरा बेपत्ता आहे, खर्चाला देत नाही, निकाह मोडता येईल. पण आधी त्याच्या गावी तपास करा. गावानं हात वर केले तर या, मी मोकळी करतो.

पुन्हा गाव! पण तपास करणार कोण? तेव्हाच ती नर्स लीव्हवर निघाली होती. मी तिच्याकडे जाऊन रडले. तिचं माहेर उत्तरेलाच होतं. म्हणाली, ते गाव मला नकाशावर सापडलं आहे, बसनं जाता येईल, मी जाऊन येते. जाताना निकाहाच्या दिवसाचा फोटो घेऊन गेली.

ती परत येईपर्यंत आमच्या घरात कुणाचं लक्ष कशात नव्हतं. मी सरळ सांगते, मी रोज दुवा मागत होते की तिला तिकडे कुणी भेटू नये. भेटलंच तर त्याची दुसरी बायको भेटावी, चार पोरं भेटावीत, म्हणजे हिचे डोळे उघडतील. विधुरानं निरोप पाठवला होता, घाई नाही, पण जागा धरून आहे. बहीण एकदाच मला म्हणाली, ‘आपा, नर्सबाईंना मी सांगितलंय, जे असेल ते तसंच सांगा. गोड करून नको.’

नर्स आली ती दुपारच्या नमाजानंतर. माझा नवरा घरीच होता. मी तिला चहा दिला. तिनं पर्समधून फोटो काढला आणि बहिणीच्या हातात परत दिला, तेव्हाच मला काय ते समजलं.

ती म्हणाली, गाव आहे. एक चर्च, दगडी भिंती, मेंढरं, मोजकी घरं. तिनं फोटो घरोघर दाखवला. कुणी ओळखलं नाही. मग तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीकडे गेली. त्याला आडनाव सांगितल्यावर तो म्हणाला, बाई, ह्या नावाचं माणूस ह्या गावात नाही. कधीच नव्हतं.

‘कधीच नव्हतं म्हणजे?’ माझ्या नवऱ्यानं विचारलं.

नर्सनं समजावून सांगितलं. त्यांच्या जुन्या भाषेत ‘टन’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. वाडीचं नाव तेच गावाचं झालं. पण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? तिथे सगळेच त्या गावचे. तिथे माणसाला लोहार म्हणायचे, ओढ्यापलीकडचा म्हणायचे. गाव सोडून दूरच्या बाजाराला जाऊन जो राहिला, त्याला तिकडच्या लोकांनी गावाच्या नावानं ओळखायला सुरुवात केली. ते नाव त्याच्या पोरांना लागलं, पोरांच्या पोरांना लागलं. ‘पाद्री म्हणाला, हे आडनाव फक्त गेलेल्यांचं असतं,’ नर्स म्हणाली. ‘गेले त्याला चारपाचशे वर्षं होऊन गेली असतील. तुमच्या माणसाच्या आजोबांच्या आजोबांनीही ते गाव पाहिलं नसेल.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ह्यात नवीन काय होतं? आमच्या गावात माझ्या बापाला कुणी ‘कर’ म्हणायचं का? तिथे आम्ही विहिरीकडचे. बाप मुंबईच्या गोदीत कामाला लागला तेव्हा मुकादमानं त्याला गाव विचारलं आणि तो ‘कर’ झाला. चारही म्हाताऱ्यांचं हेच, माझ्या नवऱ्याचं हेच. फरक एवढाच की आमची माणसं अजून ईदेला परत जात होती, गाव त्यांना ओळखत होतं. आडनाव आहे म्हणजे मागे गाव उभं आहे, एवढं बघून त्यांनी माझी बहीण देऊन टाकली. त्या आडनावामागचं गाव शेकडो वर्षांपूर्वीच सुटलं होतं.

बहिणीनं नर्सला विचारलं, ‘म्हणजे ते खोटं बोलले नव्हते?’

नर्स घुटमळली. मी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते, की बाई, आता तरी बोल, खोटं बोलला म्हणून सांग. पण बहिणीनंच तिला सांगितलं होतं, गोड करू नका म्हणून. कडू करायला तरी ती कशी धजणार?

‘नाही,’ नर्स म्हणाली. ‘त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं खरं सांगितलं असेल.’

बहिणीनं मान हलवली. नर्सला दारापर्यंत सोडून आली, कप विसळले, पालथे घातले. मी म्हटलं, ‘उद्या सकाळी काझीसाहेबांकडे जायचंय. गावानं हात वर केले आहेत.’

ती म्हणाली, ‘मी येणार नाही.’

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. म्हटलं, अगं, त्याला गाव नाही, घर नाही, कान धरायला कुणी नाही, तो तुला टाकून गेला, एवढं साधं तुला कळू नये? चांगला माणूस दारात उभा आहे. कशासाठी त्याच्या नावानं बसून राहणार आहेस? माझा नवरा मला आवरत होता. शेजारची अरब बाई भिंतीवरून डोकावून बघत होती.

बहीण म्हणाली, ‘खोटं बोलले असते तर मी उद्याच आले असते, आपा. खोट्या माणसाचं मी काही देणं लागत नाही. पण ते खोटं बोलले नाहीत.’

‘मग?’

‘मग त्यांना बाळाचं सांगायला नको? पत्रं तर परत आली. त्यांना माहीतच नाही की बाळ झालं होतं. मी दुसऱ्याची झाले तर त्यांना कोण सांगणार?’

नवरा उठून बाहेर गेला.

ती काझीसाहेबांकडे गेली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. विधुरानं वर्षभर वाट पाहिली आणि मग गावाकडची मुलगी केली. बहीण आमच्याच घरात राहिली. माझी मुलं तिनं वाढवली. झावळ्यांचं घर जाऊन विटांचं झालं, विटांचं जाऊन फ्लॅट झाला, आणि प्रत्येक वेळी घर बदललं की ती जुन्या शेजाऱ्यांना नवीन जागा नीट समजावून सांगून यायची, कुणी विचारत आलं तर पाठवून द्या म्हणून. कुणी आलं नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत तिनं माझा हात धरला, तेव्हा काय माझ्यावर टाकून जाते आहे ते मला समजलं.

मी थकले आहे. तो असलाच तर माझ्यापेक्षा थकला असेल, नसलाच तर प्रश्नच मिटला. मराठी त्याला तेव्हाही दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हती. तरी तिचं राहिलेलं काम मी करते.

साहेब, तुम्हाला मुलगा झाला होता. थोडे दिवस होता. तुमच्यासारखाच दिसायचा.